गोल्फला वेळ हवा होता म्हणून रेडिओवर टेप आली: बिंग क्रॉस्बीची गोष्ट सोप्या भाषेत

आज आपण पॉडकास्ट ऐकतो, टीव्हीवर कार्यक्रम बघतो, तो कधी रेकॉर्ड झाला, किती ठिकाणी कापला, मधला हशा खरा की वरून टाकलेला, कोणी विचारपण करत नाही. पण १९४६ पर्यंत अमेरिकेतल्या दोन सगळ्यात मोठ्या रेडिओ नेटवर्कवर, म्हणजे एनबीसी आणि सीबीएसवर, संध्याकाळचा मोठा कार्यक्रम आधी रेकॉर्ड करून लावायला चक्क मनाई होती. गाणारा माणूस त्या क्षणी माइकसमोर उभा पाहिजे म्हणजे पाहिजे. ही पद्धत मोडून काढली ती एका गायकाने, आणि त्यामागे कलेबिलेचं फार मोठं तत्त्व नव्हतं, त्याला गोल्फ खेळायला वेळ हवा होता. (थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.)

हा गायक म्हणजे बिंग क्रॉस्बी. खरं नाव हॅरी लिलिस क्रॉस्बी, जन्म १९०३ चा, वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा गावचा, वाढला स्पोकेनमध्ये. आपल्याकडे बऱ्याच लोकांना तो फक्त ख्रिसमसच्या गाण्यामुळे माहीत असतो, आणि जुन्या इंग्रजी गाण्यांचा विषय निघाला की सगळे सिनात्रावर जातात. सिनात्रा मोठाच, वाद नाही. पण सिनात्रा ज्या रस्त्यावरून चालला तो रस्ता बिंगने बांधला होता, आणि तोही फक्त गाऊन नाही. माइक, रेडिओ, स्वस्त रेकॉर्ड, मग मॅग्नेटिक टेप, प्रत्येक वेळी नवीन मशीन आलं की हा माणूस बरोबर तिथे उभा दिसतो. म्हणून त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर ती मशिनं थोडी समजून घ्यावी लागतात. तेच करूया, सोप्या भाषेत.

आधी माइक. १९२५ च्या आधी रेकॉर्डिंग कसं व्हायचं, तर गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचा, त्या आवाजाच्या हवेच्या दाबाने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई हलायची, ती मेणाच्या तबकडीवर खाच कोरायची. वीज नाहीच कुठे. सगळी ताकद गायकाच्या फुप्फुसातून यायची. त्यामुळे ज्याचा आवाज खणखणीत, धारदार, तोच चालायचा. हळू बोललेलं, श्वास घेतलेला, ओळीच्या शेवटी सोडून दिलेला शब्द, यातलं काहीही तबकडीवर उमटायचं नाही. थिएटरमध्येही तीच गत, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर ओरडावंच लागायचं.

१९२५ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकची विजेवर चालणारी रेकॉर्डिंगची पद्धत व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन मोठ्या कंपन्यांनी घेतली. आता माइक आवाजाचा अगदी बारीक विद्युत सिग्नल करणार, अँप्लिफायर तो मोठा करणार आणि मग सुईला ताकद मिळणार. म्हणजे गायकाची ताकद आणि रेकॉर्डचा आवाज यांचा संबंधच तुटला. कुजबुजलं तरी चालेल, मोठं करायला मशीन आहे. मग १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आरसीए कंपनीचे रिबन माइक आले, त्यांची एक गंमत अशी की तुम्ही जितके जवळ जाल तितका खर्जाचा भाग फुगतो, आवाज भरदार, उबदार लागतो. ऑडिओवाले याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात, आजही कुठलाही आरजे माइकला ओठ टेकवून बोलतो तेव्हा तोच वापरत असतो.

बिंगचा आवाज होता बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालचा पुरुषी आवाज. त्याच्या आधी माइकवर हळू गाणारे होते की, जीन ऑस्टिन होता, व्हिस्परिंग जॅक स्मिथ होता, रूडी व्हॅली तर प्रचंड लोकप्रिय, पण त्यातले बरेचसे आवाज पातळ आणि नाकातले होते. बिंगकडे भरीव खर्ज होता, शिवाय जॅझचा ताल अंगात मुरलेला. त्याचा स्पोकेनचा मित्र अल रिंकर, त्याची बहीण मिल्ड्रेड बेली ही स्वतः उत्तम जॅझ गायिका, तिच्यामुळे या पोरांना पुढचं जग दिसलं आणि जॅझचा मोठा ट्रंपेटवाला आणि गायक लुई आर्मस्ट्राँग याचं नाव कळलं. आर्मस्ट्राँगकडून बिंगने काय उचललं तर ओळ जरा मागेपुढे खेळवायची, तालाच्या अगदी टोकावर नाही बसायचं, आणि शब्द बोलल्यासारखा टाकायचा. आता हे सगळं माइकच्या जवळ उभं राहून केलं की काय होतं, तर ऐकणाऱ्याला वाटतं हा हजार लोकांसाठी नाही, माझ्याशीच गातोय.

क्रूनर म्हणतात तो हा प्रकार. आज शब्द गोड वाटतो पण तेव्हा तो टोमणाच होता. १९३२ च्या जानेवारीत बोस्टनचे कार्डिनल ओ'कॉनेल यांनी तर जाहीरपणे क्रूनर लोकांवर झोड उठवली, हे असलं गुळगुळीत गाणं म्हणजे अधोगती आहे, मर्द माणसाला शोभत नाही वगैरे. मला वाटतं चिडण्याचं खरं कारण वेगळं होतं. एक परका पुरुष रात्री घरातल्या बैठकीच्या खोलीत येऊन बायकोच्या कानात गातोय, आणि त्याला हाकलता येत नाही! रेडिओ नवीन होता, लोकांना त्याची सवय व्हायची होती.

आपल्याकडेही साधारण याच काळात असंच काहीसं झालं बरं का. नाटकाच्या थिएटरात पल्लेदार ताना घेत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं नाट्यसंगीत एकीकडे आणि १९३० च्या दशकात रेकॉर्डवर आणि रेडिओवर आलेलं भावगीत दुसरीकडे. जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांचं गाणं हे माइकचं गाणं आहे, शब्द हळुवार सांगणारं. कोणी कोणाची नक्कल केली असं मला म्हणायचं नाही, माइक आला की गाण्याची पद्धत बदलतेच, अमेरिकेत बदलली तशी इथेही बदलली एवढंच.

असो. परत बिंगकडे.

१९२५ मध्ये बिंग आणि रिंकर जुन्या मॉडेल टी फोर्डमध्ये बसून स्पोकेनहून लॉस एंजेलिसला आले. १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये पहिलं रेकॉर्डिंग झालं, आणि त्याच वर्षी देशातला सगळ्यात नावाजलेला बँडवाला पॉल व्हाइटमन याने दोघांना घेतलं. नंतर हॅरी बॅरिस हा तिसरा आला आणि त्रिकूट झालं, रिदम बॉइज. इथे बिंग फार आदर्शबिदर्श नव्हता हं, दारूचं होतंच, १९२९ मध्ये व्हाइटमनच्या बँडवरचा सिनेमा बनत असताना गाडी ठोकली, कोर्टाने आत टाकलं आणि सिनेमातलं ठरलेलं सोलो गाणं दुसऱ्याला गेलं. नंतर लॉस एंजेलिसच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबमध्ये गस आर्नहाइमच्या बँडबरोबर गायला लागला, तिथून रेडिओवर कार्यक्रम जायचे, नाव पसरायला लागलं. सीबीएसचा मालक विल्यम पेली याने बोटीवर असताना कोणाच्या तरी ग्रामोफोनवर बिंगची रेकॉर्ड ऐकली आणि तारेने कळवलं की या माणसाला सही करून घ्या, असा किस्सा सांगतात. २ सप्टेंबर १९३१ ला सीबीएसवर त्याचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. खरंतर दोन दिवस आधीच व्हायचा होता पण ऐनवेळी घसा बसला.

या वेळी अमेरिकेत महामंदी आहे हे लक्षात घ्या. रेकॉर्ड विकत घ्यायला कोणाकडे पैसे? १९२७ मध्ये वर्षाला दहा कोटींच्या आसपास रेकॉर्ड विकल्या जायच्या, १९३२ पर्यंत तो आकडा साठ लाखांच्या आसपास आला. जवळजवळ धंदाच बुडाला. आणि का बुडणार नाही, रेडिओ एकदा घेतला की गाणी फुकट. त्यात १९३४ मध्ये जॅक कॅप नावाच्या माणसाने अमेरिकन डेक्का कंपनी काढली आणि सगळे ७५ सेंटला रेकॉर्ड विकत होते तिथे मोठ्या कलाकारांच्या रेकॉर्ड ३५ सेंटला लावल्या. त्याचा हुकमी एक्का बिंग. कॅप आधी ब्रन्सविक या रेकॉर्ड कंपनीत बिंगच्या रेकॉर्डिंगचं बघायचा, तो निघाला तसा बिंगही त्याच्याबरोबर निघाला. स्वस्त रेकॉर्डला अजून एक गिऱ्हाईक मिळालं, ज्यूकबॉक्स. बार आणि खाणावळीत नाणं टाकून गाणं वाजवणारं मशीन, त्याला रेकॉर्ड लागायच्या ढिगाने.

कॅपबद्दल जाणकारांमध्ये दोन मतं आहेत आणि मी स्वतः मध्ये कुठेतरी आहे. त्याने बिंगला जॅझवाल्या कोपऱ्यातून बाहेर काढलं आणि सगळं गायला लावलं, काउबॉय गाणी, हवाईयन, आयरिश, चर्चची, वाल्ट्झ, देशभक्तीपर, काय वाट्टेल ते. मधेमधे बू-बू-बू करत सूर घोळवायची जी बिंगची लकब होती ती कमी करायला लावली. त्याचा फायदा असा की आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकासाठी बिंगची एकतरी रेकॉर्ड असायची. तोटा असा की १९३१-३२ च्या बिंगमध्ये जो एक धोकादायक, थोडा बेफाम जॅझवाला आहे तो पुढे हळूहळू सज्जन होत गेला. पैसा मात्र खोऱ्याने आला.

१९३६ च्या जानेवारीपासून तो एनबीसीवर क्राफ्ट म्युझिक हॉलचा यजमान झाला आणि पुढची दहा वर्षं दर गुरुवारी रात्री चीज बनवणाऱ्या क्राफ्ट कंपनीचा हा कार्यक्रम त्याच्या नावाने ओळखला गेला. लेखक होता कॅरल कॅरल (हो, नाव आणि आडनाव दोन्ही तेच), त्याने बिंग एरवी कसा बोलतो ते नीट ऐकलं आणि संवाद त्याच ढंगात लिहिले, लांबलचक अवघड शब्द आणि गल्लीतली भाषा एकाच वाक्यात. ऐकणाऱ्याला वाटायचं हा काहीच तयारी न करता गप्पा मारतोय. अशा सहजतेमागे किती लिखाण असतं हे आज रेडिओत काम करणारा कोणीही सांगेल. या सहज, घरगुती प्रतिमेला नंतर तडाही गेला, त्याच्या मोठ्या मुलाने १९८३ मध्ये बापाच्या कडक, मारझोडीच्या शिस्तीबद्दल पुस्तक लिहिलं, एका भावाने ते खोडून काढलं. तो वेगळाच विषय आहे.

आता येऊ मुख्य भानगडीवर, लाइव्हच्या.

अमेरिका एवढी रुंद की न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा. लोक रेडिओ ऐकणार जेवणं झाल्यावर. म्हणून मोठे कार्यक्रम बऱ्याचदा दोनदा करायचे, एकदा पूर्वेसाठी आणि तीन तासांनी परत तोच अख्खा कार्यक्रम पश्चिमेसाठी, तेच विनोद, तीच गाणी, तोच बँड. रेकॉर्ड करून ठेवायची सोय नव्हती असं नाही. सोळा इंची मोठ्या तबकड्या होत्या, ट्रान्सक्रिप्शन डिस्क म्हणायचे, एका बाजूला साधारण पंधरा मिनिटं मावायची. पण नेटवर्कना ते नको होतं. ते कारण सांगायचे क्वालिटीचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. खरं दुखणं मात्र धंद्याचं होतं. नेटवर्क म्हणजे काय, तर टेलिफोनच्या तारा भाड्याने घेऊन एकाच वेळी देशभरातल्या स्टेशनांना कार्यक्रम पोचवणारी कंपनी. उद्या कलाकाराने तबकड्या काढून थेट स्टेशनांना पोस्टाने पाठवल्या तर मधल्या नेटवर्कचं काम काय उरलं? म्हणून लाइव्ह म्हणजेच अस्सल ही समजूत जपली गेली. १९३७ मध्ये हिंडेनबर्ग हे हवाई जहाज पेटून कोसळलं तेव्हा हर्बर्ट मॉरिसनचं तिथलं हादरलेलं निवेदन तबकडीवर रेकॉर्ड झालेलं होतं, ते लावण्यासाठी एनबीसीला आपला नियम बाजूला ठेवावा लागला, एवढा तो नियम कडक होता.

बिंगला हे वेळापत्रक नको झालं होतं. घोडे, मासेमारी, गोल्फ, हे त्याचं खरं आयुष्य. दोन-तीन कार्यक्रम एका दमात रेकॉर्ड करावे आणि मग मोकळं व्हावं, शिवाय चुकलेलं काढून टाकता येईल, फसलेला विनोद कापता येईल. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात, आळस होताच पण काम चांगलं करायचीही इच्छा होती. १९४५ मध्ये तो क्राफ्टच्या कार्यक्रमाला आलाच नाही, कायदेशीर वाद झाला, शेवटी १९४६ मध्ये काही भाग करून देऊन तो सुटला. त्याला हवं ते द्यायला एबीसी तयार होती. एबीसी म्हणजे एनबीसीचंच एक नेटवर्क, ते १९४३ मध्ये वेगळं विकावं लागलं होतं, नवीन नाव, कमी श्रोते, मोठा तारा हवाच होता. गमवायला फारसं नसलं की माणूस नियम मोडायला तयार होतो. प्रायोजक रेडिओसेट बनवणारी फिल्को कंपनी. अट अशी की रेटिंग ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलं तर गुमान परत लाइव्ह.

१६ ऑक्टोबर १९४६ ला फिल्को रेडिओ टाइम सुरू झाला, आणि पहिला भाग जोरात गेल्यावर रेटिंग घसरायला लागलं. का, ते समजून घेण्यासारखं आहे. तबकडी कापून जोडता येत नाही. तुम्हाला पहिल्या तबकडीतली चार मिनिटं, दुसरीतली सहा मिनिटं आणि तिसरीतलं एक गाणं हवंय तर ते सगळं वाजवत वाजवत चौथ्या तबकडीवर परत रेकॉर्ड करायचं. त्यात परत बदल केला की पाचवीवर. प्रत्येक कॉपीत खरखर वाढते, वरचे सूर मरतात, झांजांची चमक जाते. शेवटी घरात जो बिंग पोचायचा त्याच्यातला तो भरीव जवळचेपणाच गायब, म्हणजे ज्याच्या जिवावर हा माणूस उभा होता तेच. नेटवर्कवाले म्हणत असणार, बघा, सांगितलं होतं ना.

आणि इथे गोष्टीत येतो जॅक मलिन. अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमधला, म्हणजे संदेशवहनाच्या तुकडीतला इंजिनियर, युद्धात इंग्लंडमध्ये होता. रात्री उशिरा काम करताना तो जर्मन रेडिओ लावायचा तर तिथे मध्यरात्रीनंतर अख्खे ऑर्केस्ट्रा वाजत असायचे, एकदम स्वच्छ, सुईची खरखर नाही, दर पंधरा मिनिटांनी तबकडी बदलल्याचा खंड नाही. आता रात्री दोन वाजता रोज अख्खा ऑर्केस्ट्रा कोण जागवतो? रेकॉर्डिंगच असणार, पण असं रेकॉर्डिंग शक्य कसं? १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर जर्मनीत बाड नाउहाइम इथल्या रेडिओ फ्रँकफर्टच्या स्टुडिओत त्याला उत्तर सापडलं. मॅग्नेटोफोन. एईजी कंपनीचं मशीन, प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडची पावडर लावलेली टेप.

मॅग्नेटोफोन खरंतर १९३५ पासून होता आणि दोस्त राष्ट्रांना माहीतही होता, पण खरखरीचा म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं. १९४० मध्ये जर्मन रेडिओच्या इंजिनियरांनी त्यात एक बदल केला, त्याला एसी बायस म्हणतात. हे जरा अवघड वाटतं पण नाहीये. टेपवरचे चुंबकीय कण हट्टी असतात, बारीक सिग्नल आला तर हलतच नाहीत, आणि हलले तर वेडेवाकडे, त्यामुळे हळू आवाज फाटका येतो. डब्यात तांदूळ भरताना आपण डबा सतत हलवत राहतो म्हणजे दाणे अडून न बसता नीट बसतात, तसं इथे गाण्याच्या सिग्नलबरोबर एक अतिशय वेगवान, कानाला ऐकूच न येणारा विद्युत प्रवाह मिसळतात. तो कणांना सतत हलतं ठेवतो, मग गाण्याचा अगदी बारीक सिग्नलही जिथल्या तिथे जाऊन बसतो. झालं, खरखर एकदम खाली आणि हळू आवाज स्वच्छ. क्रूनरला अजून काय पाहिजे.

मलिनने दोन मशिनं सुटी करून पोस्टाच्या पोत्यांतून घरी पाठवली, बरोबर टेपची ५० रिळं. १९४६ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत इंजिनियर लोकांना दाखवलं, लोक चाट पडले. १९४७ मध्ये बिंगचा तांत्रिक बाजू बघणारा माणूस मर्डो मॅकेन्झी याने ते पाहिलं, आणि ऑगस्टमध्ये मलिनलाच कामावर घेऊन नवीन सीझन टेपवर रेकॉर्ड करायला सुरुवात झाली. पहिला भाग १ ऑक्टोबर १९४७ ला वाजला. एबीसीला अजून धाकधूक होती म्हणून सुरुवातीला एडिट टेपवर आणि शेवटची कॉपी तबकडीवर काढून ती वाजवायची अशी पद्धत होती. रिळं मोजकीच, अमेरिकेत तशी टेप अजून बाजारात नाही, त्यामुळे मलिन तीच टेप परत परत वापरायचा, कापलेले तुकडे साध्या चिकटपट्टीने जोडून. एखाद्या रिळात किती जोड असतील विचार करा, आणि त्यावर देशातल्या सगळ्यात मोठ्या गायकाचा कार्यक्रम अवलंबून!

कात्रीने आवाज कापता येतो हे कळल्यावर मग मजा सुरू झाली. सरावातलं गाणं चांगलं झालं असेल तर ते घ्या आणि कार्यक्रमातलं फेका. एका टेकची सुरुवात, दुसऱ्याचा शेवट. मलिन सांगायचा की एकदा विनोदी कलाकार बॉब बर्न्स आला, त्याने काही चावट खेडवळ किस्से सांगितले, लोक हसून हसून लोळले, पण ते किस्से काही रेडिओवर लावण्यासारखे नव्हते, मग किस्से कापले आणि हशा जपून ठेवला. काही आठवड्यांनी एका भागात विनोद पडले, तर लेखकांनी तो जपलेला हशा तिथे चिकटवायला लावला. टीव्हीवर पुढे जे डबाबंद हसू आलं त्याच्या पूर्वजांपैकी हा एक. म्हणजे सहजता, उत्स्फूर्तपणा यासाठी प्रसिद्ध असलेला कार्यक्रम कात्रीने शिवलेला होता आणि कोणाला पत्ता लागला नाही. मला यात फसवणूक वाटत नाही खरं सांगायचं तर. कॅरल कॅरल पण तेच करायचा, कागदावर.

जर्मन मशिनं दोनच, मोडली तर काय? कॅलिफोर्नियात अँपेक्स नावाची छोटी कंपनी होती, अलेक्झांडर पोनियाटॉफ या रशियातून आलेल्या इंजिनियरची, युद्धात रडारच्या मोटरी बनवायची, युद्ध संपल्यावर काम शोधत होती. त्यांनी मॅग्नेटोफोनवरून शिकून स्वतःचं मशीन बनवलं पण उत्पादनाला पैसे नाहीत. बिंगने ५०,००० डॉलर दिले. त्या काळात ही केवढी रक्कम असेल. १९४८ च्या एप्रिलमध्ये अँपेक्स मॉडेल २०० बाहेर पडलं आणि बघता बघता सगळ्याच नेटवर्कनी टेप घेतली, तेच नेटवर्क ज्यांना रेकॉर्डिंगची ॲलर्जी होती. १९४९ मध्ये सीबीएसने बिंगला परत आपल्याकडे ओढून नेला, आणि तिथेही तो टेपवरच. त्याच सुमारास बिंगने गिटारवाला मित्र लेस पॉल याला अँपेक्सचं एक मशीन दिलं, लेस पॉलने त्यात जास्तीचं एक हेड (टेपवर आवाज उमटवणारा आणि वाचणारा भाग) बसवून स्वतःच्याच वाजवण्यावर परत स्वतः वाजवायचे प्रयोग केले, आणि पुढे मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगची जी सगळी दुनिया झाली तिचा एक मोठा धागा तिथून निघतो.

आपल्याशी याचा संबंध काय म्हणाल तर आहे. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर जी बिनाका गीतमाला लागायची, जिच्यासाठी अख्खी आळी बुधवारी रात्री रेडिओला चिकटायची, ती अमीन सायानी मुंबईत बसून रेकॉर्ड करायचे आणि रेकॉर्डिंग विमानाने कोलंबोला जायचं. आवाज एका देशात, ट्रान्समीटर दुसऱ्या देशात. आणि ज्या माणसाशी आपण दर आठवड्याला गप्पा मारतोय असं वाटायचं तो त्या क्षणी तिथे नसायचाच.

टीव्हीचंही बिंगच्या कंपनीने करून पाहिलं. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये मलिन आणि मंडळींनी टेपवर चित्र रेकॉर्ड करून दाखवलं, दिसायचं धूसर, कारण चित्राला आवाजापेक्षा कितीतरी जास्त माहिती लागते आणि टेप तेवढी वेगाने पळवणं जिकिरीचं. शर्यत जिंकली अँपेक्सनेच, १९५६ मध्ये, टेप पळवण्यापेक्षा हेडच गरगर फिरवून. तोपर्यंत टीव्हीचं रेकॉर्डिंग म्हणजे स्क्रीनसमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा, किनेस्कोप. त्यातला एक किस्सा सांगतोच. बिंग पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल टीमचा एक मालक होता, १९६० च्या वर्ल्ड सिरीजची शेवटची मॅच बघायचा ताण नको म्हणून पठ्ठ्या पॅरिसला निघून गेला, पण जाताना मॅच किनेस्कोपवर काढून ठेवायची सोय करून गेला. टीम जिंकली. टीव्हीवाल्यांकडे त्या मॅचचं पूर्ण चित्रण उरलं नाही, २००९ मध्ये ते सापडलं बिंगच्या घरातल्या वाइनच्या तळघरात.

आता ते ख्रिसमसचं गाणं, कारण त्याशिवाय बिंगवरचा लेख कोणी पूर्ण मानत नाही. आयर्व्हिंग बर्लिनने लिहिलेलं व्हाइट ख्रिसमस बिंगने पहिल्यांदा जाहीरपणे गायलं ते २५ डिसेंबर १९४१ ला, क्राफ्टच्याच कार्यक्रमात, पर्ल हार्बरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. रेकॉर्डिंग २९ मे १९४२ ला, जॉन स्कॉट ट्रॉटरचा ऑर्केस्ट्रा आणि केन डार्बीचा गायकवृंद. नंतर दोनच महिन्यांत, १ ऑगस्टला, वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला, एक वर्षाहून जास्त काळ डेक्काचे स्टुडिओ वादकांविना होते, कंपन्या नुसत्या गळ्यांच्या साथीवर रेकॉर्ड काढत होत्या. म्हणजे थोडा उशीर झाला असता तर हे गाणं त्या रूपात आलंच नसतं. परदेशात लढणाऱ्या सैनिकांनी ते उचललं, घराची आठवण काढणारं गाणं म्हणून सैन्याच्या रेडिओवर त्याची मागणी थांबेना. गिनेसच्या हिशोबाने जगात सगळ्यात जास्त विकलं गेलेलं सिंगल हेच, अंदाज पाच कोटी प्रतींचा.

पण गंमत तांत्रिक आहे. तेव्हा मूळ रेकॉर्डिंग थेट तबकडीवर व्हायचं, त्यावरून धातूचा साचा काढायचा, त्यावरून पुढचे साचे आणि त्या साच्यांनी रेकॉर्ड छापायच्या. साचा म्हटला की तो झिजणारच. या गाण्याच्या इतक्या रेकॉर्ड छापल्या की मूळ साचाच कामातून गेला. म्हणून १९४७ च्या मार्चमध्ये बिंगला परत बोलावलं, तोच ऑर्केस्ट्रा, तोच गायकवृंद, जमेल तितकं हुबेहूब परत गायला लावलं. त्यानंतर पाचच महिन्यांनी तो टेपवर रेकॉर्ड करायला लागला!

आपण सहसा ऐकतो ते हे दुसरं, १९४७ चं. ओळखायचं असेल तर अगदी सुरुवातीला कान द्या, बिंग सुरू व्हायच्या आधी बासरी आणि चेलेस्टाची (पियानोसारखं, पण घंटीसारखं वाजणारं वाद्य) किणकिण ऐकू आली तर ते १९४७ चं, नसेल तर तुमच्या हाती १९४२ चं लागलंय. आणि त्याच्यानंतर लगेच १९३१ मधलं एखादं ब्रन्सविकचं रेकॉर्डिंग लावा, कॅपने सज्जन करायच्या आधीचा बिंग. मला तोच जास्त आवडतो.